सोलापुरी पदार्थांच्या ब्लॉगला कोणती टूल्स लागतात?

प्रश्न असा आहे: "मी सोलापुरात पूर्व भागात राहते. दोन वर्षांपासून सोलापुरी पदार्थांवर मराठीत ब्लॉग लिहिते आणि त्यावरूनच घरची शेंगा चटणी नि कडक भाकरी विकते. साइट वर्डप्रेसवर आहे, ओळखीतल्या एका मुलाने करून दिली. वाचक वाढत नाहीत. एका एजन्सीने साठ-सत्तर ऑनलाइन टूल्सची यादी पाठवली आणि महिना साडेतीन हजारांचं पॅकेज सांगितलं. यातली खरंच कोणती लागतात?"

ताई, पॅकेजला आत्ता हो म्हणू नका. चौदा वर्षं मी सोलापूर आणि आसपासच्या दुकानदारांच्या, शेतकऱ्यांच्या साइट्स सांभाळतोय. चादर-टॉवेलवाले आहेत, डाळिंबवाले आहेत, अक्कलकोटचा एक लॉजवाला आहे. रोज हाताशी लागतात अशी टूल्स सात-आठ, आणि ती जवळजवळ सगळी फुकट आहेत. तुमचं खरं दुखणं "वाचक वाढत नाहीत" हे आहे ना, मग आधी आहेत ते वाचक कुठून येतात, काय शोधत येतात आणि कुठे परत फिरतात हे बघू. त्यासाठी लागेल तेवढंच टूल घ्यायचं.

पहिलं आणि सगळ्यांत मोठं म्हणजे गूगल सर्च कन्सोल. हे एकच मन लावून वापरलंत तरी अर्धं काम होईल. तुमची साइट गूगलवर कोणत्या शब्दांना दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी दाबलं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होती, हे चार आकडे यात मिळतात. मागच्या १६ महिन्यांचा हिशेब राहतो. पण साइट जोडल्यापासूनच तो नीट जमायला लागतो, म्हणून हे आजच करा. जोडताना "डोमेन" हा पर्याय निवडा. गूगल एक ओळ देतं, ती तुमच्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, डीएनएस सेटिंगमध्ये टाकायची (ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं हे तिथे लिहिलेलं असतं). तिथे अडलात तर साइट करून दिलेल्या मुलाला सांगा, त्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

मग दोन-तीन आठवडे थांबा आणि "परफॉर्मन्स" मधली शब्दांची यादी उघडा. माझ्या एका चादरवाल्या गिऱ्हाइकाचं सांगतो. त्यांच्या पानावर सोलापुरी चादरीचा इतिहास होता, जकार्ड मागाची माहिती होती, भौगोलिक मानांकनाचा उल्लेख होता. सगळं खरं, सगळं छान. यादी उघडली तर लोक विचारत होते, "चादर धुतल्यावर रंग जातो का", "डबल बेडला कोणती साइज", "ओरिजिनल सोलापुरी चादर कशी ओळखायची". पान या शब्दांना दिसत होतं, पण गूगलच्या निकालांत दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, आणि दाबत जवळपास कोणी नव्हतं. मी मालकांना म्हटलं, गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला तुम्ही यावर जे सांगता तेच बोला, मी लिहून घेतो. त्या बोलण्याचे चार परिच्छेद पानात घातले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते गूगलच्या पहिल्या पानावर यायला लागलं. एकही पैशाचं टूल वापरलं नव्हतं.

तुमच्या शेंगा चटणीचंही असंच असणार. "किती दिवस टिकते", "फ्रिजमध्ये ठेवायची का", "मिक्सरवर करता येते का", "कुरिअरने मिळेल का" असे शब्द यादीत दिसले आणि लेखात त्यांचं उत्तर नसेल, तर पुढचा मजकूर तुम्हाला तयारच मिळाला. दिसण्याचा आकडा मोठा, दाबण्याचा लहान आणि क्रमांक आठ ते वीसच्या दरम्यान, अशा ओळी आधी धरा. तिथे थोड्या कामात सगळ्यांत जास्त फरक पडतो. शब्द मराठी पण टाइप रोमन लिपीत, अशाही ओळी बऱ्याच दिसतील. म्हणून अख्खा लेख रोमनमध्ये लिहू नका. पदार्थाचं नाव रोमन लिपीत एकदा फोटोच्या वर्णनात किंवा उपशीर्षकात आलं तरी पुरतं.

एजन्सीच्या यादीत पैशाची कीवर्ड टूल्स, म्हणजे लोक कोणते शब्द शोधतात ते सांगणारी, नक्की असतील. सेमरश, एएचरेफ्स ही चांगली आहेत, मी वापरली आहेत. पण मराठी शब्दांची माहिती त्यांच्याकडे फार विरळ असते. ज्या शब्दावरून माझ्या गिऱ्हाइकाकडे रोज माणसं येतात, त्याच्यापुढे तिथे शून्य लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. तुमच्या आकाराच्या मराठी साइटने त्यासाठी दरमहा पैसे भरावेत असं मला वाटत नाही. एएचरेफ्सचं स्वतःच्या साइटपुरतं वेबमास्टर टूल फुकट मिळतं, तुटक्या लिंका शोधायला ते बरं. बाकी गूगलच्या चौकटीत "शेंगा चटणी" टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते बघा, आणि गूगल ट्रेंड्स उघडा, एखादा शब्द कधी जास्त शोधला जातो ते तिथे दिसतं.

ट्रेंड्समध्ये शून्य ते शंभर असे आकडे दिसतात. ते शोधांची संख्या नसतात, त्या काळातल्या सर्वांत मोठ्या उसळीला शंभर धरून बाकीचं मोजलेलं असतं. "हुरडा" टाकून विभाग महाराष्ट्र करा आणि पाच वर्षांचा आलेख बघा. दर हिवाळ्यात टेकडी आणि उरलेलं वर्ष सपाट. हुरड्यावरचा लेख जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत टाकला तर गूगलने तो नीट धरेपर्यंत हंगाम उरकलेला असतो. तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला साइटवर हवा. शब्दांची जोडीही ताडून बघता येते: "शेंगा चटणी" की "शेंगदाणा चटणी". आपण इथे शेंगा चटणी म्हणतो, पुण्या-मुंबईकडचा माणूस शेंगदाण्याची चटणी शोधतो. लेखात दोन्ही आली पाहिजेत.

आता मराठी साइटच्या अशा दोन अडचणी सांगतो ज्या इंग्रजीवरून तयार झालेल्या कुठल्याच यादीत नसतात.

एक, पानाचा पत्ता (यूआरएल). लेखाचं शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीतच करतं. आत मात्र देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात त्याची नऊ अक्षरं होतात. "सोलापूर" या एका शब्दाची ६३. वर्डप्रेसची पत्त्याची मर्यादा २०० अक्षरांची, म्हणजे फार तर बावीस मराठी चिन्हं. आता "सोलापूरची खमंग शेंगा चटणी घरच्या घरी" हे शीर्षक द्या. पत्ता "सोलापूरची-खमंग-शेंगा-चटण" इथे तुटतो. वेलांटीसुद्धा मावत नाही. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला तो कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची आणि अक्षर-आकड्यांची चार-पाच ओळींची माळ येते. ती बघून घरातल्या मोठ्या माणसांना फसवणुकीची लिंक वाटते, आणि त्यांची भीती रास्त आहे. गूगलला मराठी पत्ता चालतो, माणसांना चालत नाही. म्हणून लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याच्या रकान्यात रोमन लिपीत सोलापूर, शेंगा, चटणी एवढे तीन शब्द जोडरेघ देऊन लिहा. जुन्या लेखांपैकी जे चांगले चालतात त्यांना हात लावू नका. जे कोणी वाचतच नाही ते बदलायला हरकत नाही. लेखाचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्यावरून नव्यावर आपोआप नेतं, पण "पान" या प्रकाराला ही सोय नाही, तिथे रिडायरेक्ट हाताने घालावं लागतं.

दोन, दिसायला एकच पण आतून वेगळी अक्षरं. "भाकऱ्या" मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड टिंबवाला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्याला काडीचा फरक नाही, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. "ॲप" मधल्या ॲचंही तसंच: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र. एका गिऱ्हाइकाच्या साइटवर "कडक भाकऱ्या" हे शब्द पन्नासेक ठिकाणी बदलायचे होते. शोधा-बदला चालवलं, सगळं झालं असं समजून मी मोकळा झालो. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला की निम्म्या पानांवर जुनंच दिसतंय. अर्धा मजकूर त्यांनी मोबाइलवर लिहिला होता, अर्धा मी संगणकावर. त्या दिवसापासून मी शंका येईल तो शब्द युनिकोडची (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकांची पद्धत) अक्षरं सुटी करून दाखवणाऱ्या पानावर चिकटवून बघतो. "युनिकोड कॅरॅक्टर इन्स्पेक्टर" असं शोधलं की अशी फुकट पानं सापडतात. तुम्ही एकच करा: फोनवर आणि संगणकावर "शेतकऱ्यांसाठी" टाइप करून दोन्ही तिथे चिकटवा. चिन्हं वेगळी निघाली तर दोन्हीकडे एकच कीबोर्ड घ्या.

जुन्या फाइलीही असतील तुमच्याकडे. छापखान्यात केलेलं पत्रक, श्रीलिपीत (छापखान्यातल्या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेली पाककृती. तो मजकूर तसाच चिकटवला तर साइटवर कचरा दिसतो, कारण ती युनिकोड नाही. ऑनलाइन कन्व्हर्टर फुकट मिळतात आणि बहुतेक मजकूर बरोबर येतो. पण रफार, जोडाक्षरं आणि ॲ-ऑ यांवर डोळ्याने एकदा फिरावंच लागतं.

फोटो हा तुमचा सगळ्यांत मोठा बोजा असणार हे मी साइट न बघता सांगतो. फोनमधला फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि तीन-चार एमबीचा असतो. तसे आठ फोटो एका पाककृतीत टाकले की मंगळवेढ्याच्या एखाद्या वस्तीवर कमजोर नेटवर्कवर बसलेल्या माणसाला पान उघडतच नाही. स्क्वूश नावाचं टूल ब्राउझरमध्ये उघडा. त्यात फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही, तुमच्याच यंत्रावर लहान होतो. रुंदी १२०० करा, प्रकार वेबपी निवडा, क्वालिटी ७५ ठेवा. मधली रेघ सरकवून डावी-उजवी बाजू ताडून बघा. बहुतेक फोटो शंभर-दीडशे केबीत येतात आणि भाकरीवरचा पापुद्रा तितकाच स्पष्ट राहतो. चटणीसारख्या लाल पदार्थाला मात्र जवळून बघा. वेबपी रंगाची माहिती उभी-आडवी निम्म्याच बारकाव्याने साठवतं, त्यामुळे गडद लाल आणि काळ्याच्या कडा किंचित पसरतात. चादरीच्या लाल नक्षीला याचा फार त्रास होतो. तिथे मी त्याच टूलमधला मोझजेपेग हा प्रकार घेतो आणि त्यातलं रंग निम्मे करण्याचं सेटिंग बंद करतो. फाइल थोडी मोठी होते, पण धागा दिसतो, आणि गिऱ्हाईक धागाच बघायला आलेलं असतं.

फोटो आटोपले की पेजस्पीड इनसाइट्स या पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या टूलमध्ये तुमच्या एका लेखाचा पत्ता टाका. मुख्य पानाचा नको, लोक सहसा लेखावरच थेट येतात. तिथे वरचा मोठा गोल आकडा शंभर करायच्या मागे लागू नका. एजन्सीवाले त्याचाच धाक दाखवतात. तो आकडा एका नकली मोबाइलवर, मुद्दाम मंद केलेल्या नेटवर्कवर केलेल्या चाचणीचा असतो. खऱ्या वाचकांचा अनुभव वर वेगळा येतो, मागच्या २८ दिवसांचा, पण भेटी कमी असल्या तर तो भाग रिकामाच राहतो. तीन मोजमापं लक्षात ठेवा: पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, आणि वाचता वाचता मजकूर खाली-वर उड्या मारू नये, तो आकडा ०.१ च्या आत असावा. यातलं दुसरं मार्च २०२४ मध्ये बदललं आहे, त्याआधीचे लेख वाचलेत तर वेगळं नाव दिसेल. मराठी साइटवर फोटोंनंतरचा दुसरा अडथळा फॉन्टचा. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे जड असतात. मुक्ता फॉन्ट सुंदर आहे आणि त्याची सात वजनं (बारीक ते जाड असे प्रकार) मिळतात, म्हणून सातही भरलेल्या साइट्स मी पाहिल्या आहेत. साधं आणि ठळक, दोन पुरे. आणि वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा. त्याने ब्राउझरला आणि अंधांसाठी वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मजकूर मराठी असल्याचं कळतं, आणि काही फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात.

साइटवर येऊन लोक काय करतात ते मोजणारं गूगल ॲनालिटिक्स जोडा, पण रोज बघत बसू नका. जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद झाली, आता चौथी आवृत्तीच (जीए४) आहे, आणि ती नवख्याला गोंधळात टाकते. तुम्हाला त्यातली एकच गोष्ट हवी: व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्यायच्या बटणावर किती जणांनी बोट ठेवलं आणि कोणत्या लेखावरून. बाहेर जाणाऱ्या लिंकांवरचे क्लिक ते आपणहून मोजतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. माझा अनुभव असा की सगळ्यांत जास्त वाचला जाणारा लेख आणि सगळ्यांत जास्त ऑर्डर देणारा लेख हे बऱ्याचदा एक नसतात. ऑर्डर देणारा कोणता ते कळलं की त्याला बाकीच्या लेखांतून लिंक द्या.

व्हॉट्सॲपवर लिंक टाकल्यावर जुना फोटो किंवा रिकामा चौकोन येत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाका. कोणता फोटो उचलला जातोय ते तिथे दिसतं आणि नव्याने उचलायलाही सांगता येतं.

गूगल बिझनेस प्रोफाइलही, म्हणजे गूगलच्या शोधात नि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, तुमच्यासाठी आहे. दुकान नसलं तरी चालतं, घरचा पत्ता लपवून "सेवा देण्याचा भाग" सोलापूर ठेवता येतो. पैसे लागत नाहीत, पडताळणीला बहुतेकदा व्हिडिओ मागतात.

एआय टूल्सबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण यादीत निम्मी तीच असतील. पाककृती त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. शेंगा उखळात कुटताना तेल कधी सुटायला लागतं आणि हात कुठे थांबवायचा, हे तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. तुमच्या साइटवर वाचण्यासारखं नेमकं तेच आहे. शीर्षकाचे चार पर्याय सुचवून घ्यायला वापरा, ठीक.

आता ज्यावर माझा जीव तुटतो ते. बॅकअप. काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या आधी माझ्या एका गिऱ्हाइकाची साइट हॅक झाली. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर, आणि साइटबरोबर तोही गेला. होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर जागा देणाऱ्यांनी, हात वर केले. वेबवरच्या पानांच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या, इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्यांची काही पानं जतन झालेली सापडली. तिथून एकेक लेख कॉपी करत आम्ही दोन दिवस, दोन रात्री बसलो. साठ-सत्तर लेख परत आले, फोटो बहुतेक गेले. त्यात त्यांच्या आईच्या हातच्या पदार्थांचे फोटो होते, आई तेव्हा हयात नव्हत्या. त्यानंतर मी बॅकअपशिवाय कोणाचं काम घेत नाही. अपड्राफ्टप्लस हे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) फुकट आहे. ते गूगल ड्राइव्हला जोडा, आठवड्याला एक बॅकअप ठेवा. ड्राइव्हची १५ जीबी जागा जीमेल आणि फोटोंबरोबर वाटलेली असते, म्हणून साइटसाठी वेगळं खातं काढा आणि जुने तीन-चारच बॅकअप राहू द्या. महत्त्वाचे लेख वेबॅक मशीनच्या "सेव्ह पेज नाऊ" मध्येही स्वतः टाकून ठेवा. एका लेखाला एक मिनिट लागत नाही.

एसएसएल प्रमाणपत्राचे (साइटच्या पत्त्याला https देणाऱ्या सुरक्षेचे) पैसे एजन्सीने लावले असतील तर नकार द्या. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं, ९० दिवसांचं मिळतं आणि होस्टिंगवर आपोआप नवं होत राहतं. तुमच्या होस्टिंगमध्ये फक्त चालू करायचं असतं.

आणि आज संध्याकाळी एक काम कराच. तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. ओळखीतल्या मुलाने साइट करून दिली म्हणालात, अशा वेळी डोमेन बहुतेकदा त्याच्याच खात्यात, त्याच्याच ईमेलवर असतं. त्याचा हेतू चांगला असतो. पण उद्या तो नोकरीला बंगळुरूला गेला, नंबर बदलला आणि नूतनीकरणाचा मेल त्याच्याकडे पडून राहिला, तर दोन वर्षांचं नाव तुमच्या हातून जातं. हूइज लुकअप या डोमेनची नोंद दाखवणाऱ्या पानावर तुमचं नाव टाकलं की संपण्याची तारीख आणि कोणत्या कंपनीकडे नोंद आहे ते कळतं. मालकाचं नाव आता सहसा झाकलेलं असतं, म्हणून मुलालाच विचारा की खात्याचा ईमेल कोणता आहे. तुमचा नसेल तर त्याच कंपनीत तुमच्या ईमेलने खातं उघडा आणि डोमेन त्या खात्यात ढकलायला सांगा. दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं असेल तर त्याच्याकडून ट्रान्सफरचा कोड घ्या, आणि डोमेन नोंदवून ६० दिवस झालेले असले पाहिजेत. मुदत जवळ आली असेल तर आधी नूतनीकरण करा, बाकी सगळं त्यानंतर.